झटका नेमका कधी बसतो, हे बाबांना माहीत होतं

अर्धांगवायूनंतर बाबांचा डावा पाय अधू झाला. आमची जुनी गाडी ऑटोमॅटिक आहे, डाव्या पायाने क्लच दाबावा लागत नाही, म्हणून ते अजून एकटे बाहेर पडतात. महिनाभर ती झटके देत होती. दोन गॅरेजवाले म्हणाले, गिअरबॉक्स गेला, गाडी विका.

आज बाबांसोबत विश्रांतवाडीत एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो. मी लक्षणं सांगू लागलो.

"गाडी तुम्ही चालवता?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मग त्यांना बोलू द्या."

बाबा म्हणाले, "सकाळी ठीक असते. तापली, की तिसरा गिअर पडताना झटका बसतो."

मेकॅनिकनी गिअरबॉक्सचं तेल तपासलं. झिजलेल्या रबरी सीलमधून गळून ते कमी झालं होतं. दोन्ही बदलल्यावर बाबांनीच गाडी नीट घरी आणली.

गाडी विकायचं मी जवळपास ठरवलं होतं, बाबांना काहीही न विचारता. तुमच्याकडून असं कोणाला विचारायचं राहिलंय?