दोन बटणांची डबी

आमच्या नाटक मंडळीत तिला सगळे कुजबूजताई म्हणायचे. तीस वर्षं ती विंगेत संहिता धरून बसली. नट अडखळला की वाक्य त्याच्याच कानात पडावं आणि पहिल्या रांगेला पत्ता लागू नये, इतक्या बेताने ती कुजबुजायची. तिच्या जिवावर मी किती टाळ्या घेतल्या, ते आता, काम करणं सोडल्यावर, कबूल करायला हरकत नाही. टाळ्या काही कोणी परत मागत नाही.

तालमी लांबायच्या, तेव्हा तिथेच बसून ती गिटार शिकली. पन्नाशी उलटल्यावर. "या वयात?" असं कोणीतरी म्हणालं. "मग काय, पुढच्या जन्मी तुमच्याकडे शिकवणी लावू?" तिने विचारलं. पुढे नाटकाचं पार्श्वसंगीत तीच वाजवू लागली.

मग नवा साउंडवाला आला. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेत पोचत नाही, पोचवला तर नटांची वाक्यं बुडतात, म्हणाला. "मावशी, मी संगीत रेकॉर्ड करून ठेवतो. तुम्ही घरी आराम करा."

"आराम तुझ्या मशीनला दे," ती म्हणाली.

दिग्दर्शकाने तोडगा काढला: गुरुवारी रंगीत तालीम, तिच्या गिटारवर. जमलं तर ती वाजवेल, नाहीतर रेकॉर्डिंग.

गिटारच्या पोटात तारांचा आवाज टिपणारा पिकअप होता, पण त्याचा क्षीण आवाज उचलून स्पीकरकडे नीट पाठवणारा प्रीअँप जुना होऊन कुरकुरत होता. नवा घ्यायला ती मला दुकानात घेऊन गेली.

"मला त्यातलं काय कळतं?" मी म्हणालो.

"तुम्हाला कळायला नाही नेत, दादा. बोलायला नेतेय."

दुकानदाराने दिवे लुकलुकणारा, बटणंच बटणं असलेला प्रीअँप जोडला. तिने तार छेडली आणि दुकान भरून गेलं. मी तर वाहवा म्हणून मोकळा झालो.

"वाहवा नको, वाक्य म्हणा. शेवटच्या प्रवेशातलं. हळू."

मी म्हणालो, "दार उघडं ठेव, पोरी. मी आत येणार नाही, पण दार उघडं ठेव." ती वाजवत होती. दाराशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तिने विचारलं, "काय म्हणाले हे?"

"दाराचं काहीतरी," तो म्हणाला.

"काढा हा."

असे चार झाले. खर्ज घुमायचा, वरचे सूर चमकायचे आणि मी मधल्यामध्ये गडप. पाचवी एक साधी डबी होती, दोनच बटणं. एकटी ऐकली तर अगदी सामान्य. पण माझं वाक्य तिच्यातून सुईतून दोरा जावा तसं गेलं. गिऱ्हाइकाने ते शब्दाला शब्द म्हणून दाखवलं, वर डोळे पुसले. त्यात माझाही थोडा वाटा असावा.

"ताई, हा तर शिकाऊंसाठी आहे," दुकानदार म्हणाला.

"मी शिकतेच आहे. बांधा."

बांधताना त्याने बजावलं, "वायर खोचली की बॅटरी चालू. काम झालं की काढून ठेवा."

पण तीस वर्षांची सवय कुठे जाणार? विंगेतला तिचा नियम एकच: आपली वस्तू जागेवर, जोडून, तयार, मग तिला हात लावायचा नाही. सोमवारी तिने डबी मांडली, वायर खोचली आणि त्यावर फडकं घातलं. थेट गुरुवारपर्यंत.

गुरुवारी मी दिग्दर्शकाशेजारी शेवटच्या रांगेत होतो. दोन अंक सुरेख झाले. शेवटच्या प्रवेशात गिटारचा आवाज आधी फाटला, मग बसला. सुरांवर तोलून बोलणारा आमचा नट, दाराशी उभा, गप्प झाला. वाक्यच गेलं त्याचं. साउंडवाल्याचा हात रेकॉर्डिंगकडे गेला.

"खबरदार हात लावलास तर!" विंगेतून आवाज आला. तीस वर्षांत पहिल्यांदा ती शेवटच्या रांगेला ऐकू आली. "तुझ्या बिनतारी माइकची चौकोनी बॅटरी काढ आणि इकडे आण. पळ!"

तो पळाला. ती डबी उघडता उघडता कुजबुजली. ते मात्र आम्हाला ऐकू आलं नाही; नटाच्या तोंडून ऐकू आलं: "दार उघडं ठेव, पोरी." तोवर बॅटरी बसली आणि पुढच्या वाक्याखाली गिटार होती.

पडदा पडल्यावर साउंडवाला म्हणाला, "बघा, बॅटरी दगा देते. रेकॉर्डिंग देत नाही."

"चूक माझी. वायर मी काढली नाही," ती म्हणाली. "पण नट वाक्य विसरला, तेव्हा तुझं रेकॉर्डिंग काय करणार होतं? पुढे निघून गेलं असतं."

दिग्दर्शक खुर्चीतून उठला. "शनिवारी पहिला प्रयोग. ताई, वेळेवर या."

"मी कधी उशिरा आलेय?"

"आणि माझी बॅटरी?" साउंडवाल्याने विचारलं.

तिने डबीतली वायर उपसून हातात गुंडाळली. "शेवटचा प्रयोग झाला की देईन," ती म्हणाली.