शेवाळाचा कौल

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बाकीचे पुरुष मुंबईला नोकरीत; घरी येणार ते शिमग्याला आणि गणपतीला. मला मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात घेतले, तेव्हा आईला वाटले, एक तरी माणूस बारा महिने घरी जेवेल. मात्र मालकांची अट होती : कंपनी समुद्री शेवाळाच्या शेतीत उतरली तरच नोकरी कायम. उतरायचे कधी, ते मी अभ्यासून सांगायचे.

मी मनापासून अहवाल लिहिला. आधी उतरणाऱ्याला चांगली खाडी आणि गिऱ्हाईक मिळते. मागून येणाऱ्याला पहिल्याच्या चुका फुकट शिकता येतात. कॉलेजात असेच शिकवले होते आणि दोन्ही खरे होते. मालकांनी अहवाल कपाळाला लावला आणि म्हणाले, आता देवीला विचारू.

गुरवाने देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार. शेवाळात उतरू का, या प्रश्नाला उजवी पडली. माझे डोळे भरून आले. पण मालक सावध माणूस. दुसरा कोणी उतरेपर्यंत थांबू का, असेही त्यांनी विचारून घेतले. पुन्हा उजवी.

"बघ, तू लिहिलंस तेच देवीनं सांगितलंन," मालक म्हणाले.

दुसरा म्हणजे पलीकडच्या कोल्ड स्टोरेजचे मालक. तेही आमच्याच गावचे, त्यांनीही तिथेच कौल लावला होता आणि देवीने त्यांच्यात-आमच्यात भेदभाव केला नव्हता. ते खाडीत शेवाळ लावायचे तराफे कधी सोडतात हे पाहायला मालकांनी मला जेटीवर बसवले. त्यांनीही मांडवीची एक पदवीधर मुलगी आमच्यावर नजर ठेवायला बसवली. चहा आम्ही एकत्रच घेतो.

एका सकाळी खाडीत खरेच तराफे दिसले. मी धावत कारखान्यात गेलो. बचत गटाच्या बायकांनी शेवाळ लावले होते.

"बायका उतरल्या म्हणजे कंपनी उतरली होय रे?" मालक म्हणाले. "जा, बस परत."

मी भीत भीत नोकरीचे विचारले.

"कायमच समज. ते उतरेपर्यंत तुला सोडतोय कुठं?"

बायकांची दोन पिके निघाली. आम्ही दोघे पदवीधर अजून जेटीवर आहोत. काल दुपारी जेवताना आईने विचारले, पलीकडचे अजून उतरले नाहीत ना? नाही म्हटल्यावर तिने आणखी भात वाढला.