टूलबार लपवून घेतलेली परीक्षा

आपल्या ई-मेल गटातल्या कॉम्प्युटर क्लासचालकांनो, आपल्या क्लासच्या मुलींना इंग्रजी येत नाही म्हणून नोकरीत डावललं जातं, हे दुखणं आपल्या सगळ्यांचंच आहे.

आज जामखेडला एका संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटरच्या नोकरीची परीक्षा होती. स्प्रेडशीटमधली नावं फक्त अक्षरक्रमानं लावायची होती. माझी विद्यार्थिनी सुनीता हे डोळे मिटून करते. पण स्क्रीनवर वरच्या बटणांची पट्टी, म्हणजे टूलबारच नव्हता. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तो मुद्दाम लपवला होता. सुनीतानं त्यांना विचारलं,

"सर, वरची बटनं कुठं गेली?"

"बटनं लागत्यात व्हय? मग घरी शिलाई मशीन चालव की, बाई!"

सगळे हसले. ती बाद झाली.

मी दारातून हे बघत होतो; आत जाऊन 'व्ह्यू' मेनूतून टूलबार परत आणला. सुनीतानं क्षणात यादी लावली. साहेब म्हणाले, "आता टाइम संपला, मास्तर."

साहेबाबद्दल संताप आहेच. पण मेनूतलं इंग्रजी वाचता येत नाही म्हणून तिला 'डावीकडून अमुक नंबरचं बटण' असं मोजायला मी शिकवलं. पट्टी गेली तर काय करायचं, ते नाही शिकवलं. तुम्ही तरी शिकवता का?

उद्या पहिल्याच तासाला प्रत्येक मशीनवरचा टूलबार स्वतः लपवा, आणि प्रत्येक मुलीला तो परत आणायला लावा.