आडव्या नळीपाशी

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या ऑपरेशन थिएटरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी तो भलत्याच माणसावर निघाला.

हर्सूलच्या पुढं मेंढरं चारणारे एक मामा होते, साठीला आलेले. उजवा कान लहानपणीच गेलेला. डाव्या कानात हाड कुरतडत जाणारी कातडीची गाठ झाली होती. ती ठेवली तर कधीतरी मेंदूपर्यंत पोचणार, आणि काढताना आतल्या कानाला इजा झाली तर माणूस ठार बहिरा. कळप घेऊन रोज हमरस्ता ओलांडणाऱ्याला ते परवडणारं नव्हतं. म्हणून पूर्ण भूल न देता मी फक्त कान बधिर केला. "मामा, गरगरलं की लगेच सांगा," असं दोनदा बजावलं. आतल्या कानाला धक्का लागतोय, ही पहिली खबर पेशंटच देतो.

एंडोस्कोपचं काम एकहाती. डाव्या हातात दुर्बीण, उजव्यात हत्यार, नजर स्क्रीनवर. मी खुणा शोधत होते: वर तोल सांभाळणाऱ्या आडव्या नळीचा उंचवटा, त्याखाली चेहऱ्याची नस, तिच्याखाली तांदळाच्या दाण्याहून लहान रिकिबीचं हाड. गाठीनं सगळंच झाकलेलं. त्यात मामांची टकळी चालू. व्यालेली मेंढी, जावयाची मोटरसायकल. त्यांचा जबडा हलला की स्क्रीनवर अख्खा कान हलायचा.

"मामा, तोंड बंद. आता एक शब्द नको," मी खेकसले.

ते गप्प झाले आणि मला बरं वाटलं. गाठ सुटत आली. उंचवट्यावरचा शेवटचा पापुद्रा सोलत होते, तेवढ्यात मामांचा हात धरून बसलेल्या सिस्टरनं हिरवी चादर उचलून पाहिलं.

"मॅडम, थांबा. यांची बुबुळं झटके देतायत."

माझा हात जागीच थांबला. "मामा, गरगरतंय का?"

"व्हय. लई येळ झाला."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमीच म्हनलात, एक शब्द नको."

त्या पापुद्र्याखाली नळीचं हाड उरलंच नव्हतं. स्कॅनमध्ये ते पातळ दिसलं होतं, तरी जो सांगू शकत होता त्याचंच तोंड मी बंद केलं. पापुद्रा तसाच ठेवला, वर त्यांच्याच स्नायूवरचं पातळ आवरण पांघरलं आणि कानात बोळा भरला. नळी फाटली की नाही, तिथं काहीच कळत नव्हतं.

टाके झाल्यावर नादकाटा वाजवून त्यांच्या कपाळाला टेकवला. बोळा असला तरी, आतला कान जिवंत असेल तर हाडातून आवाज पोचतो. मामांनी डोळे मिटले.

"येतंय," ते म्हणाले. "माशी गुनगुनल्यावानी."

स्टूल ओढून बसले आणि हळूच म्हटलं, "मामा, चुकलं माझं."

"आं?"

कानात बोळा. मला ओरडूनच सांगावं लागलं. सिस्टर, वॉर्डबॉय, भूलतज्ज्ञ, सगळ्यांनी ऐकलं.

"आसू द्या, म्याडम," मामा म्हणाले. "मेंढरू कुठं सांगतंय काय दुखतंय ते? आपुनच बगावं लागतं."