कारण सांगा, शेठ

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्लांटवर होते. मक्याच्या बियाण्याचा ट्रक भरून उभा होता. पलीकडून बाईंचे यजमान, आमचे सर, म्हणाले, ‘‘शैलजा गेली गं, सकाळी.’’ मी ‘‘बरं’’ म्हणाले, फोन ठेवला आणि ट्रक सोडला. त्याला आता काही आठवडे झाले. ‘बरं’ का म्हणाले, अजून कळत नाही... रडूही आलेलं नाही.

शैलजाबाई ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, शेतीची पदवी घेऊन, जालन्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या बियाणे कंपनीत लागल्या. ऑफिसात त्या एकट्याच बाई. बायकांसाठी संडाससुद्धा नव्हता. वॉचमनच्या घरी जावं लागे. मी राजूरची. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत लागले, तोवर उगवण तपासणीपासून गोदामापर्यंत सगळं त्याच बघत होत्या. एखादा लॉट त्यांनी नापास केला, की शेठचंही चालत नसे. ‘‘शेतकऱ्याचं वर्ष जातं, शेठ,’’ एवढंच म्हणायच्या.

जुने मॅनेजर आजारपणात गेले आणि कारभार बाईंकडे आला. तात्पुरता. अख्खा हंगाम त्यांनी निभावला, तालुक्या-तालुक्यात जाऊन डीलर सांभाळले. मग डीलरांच्या बैठकीत शेठनी जाहीर केलं, की आता मॅनेजर त्यांचा पुतण्या. मी मागे रिपोर्ट घेऊन उभी होते. बाई उठल्या. आवाज चढला नाही.

‘‘माझं काय कमी पडलं? कारण सांगा, शेठ. सगळ्यांसमोर.’’

शेठ हसले. ‘‘बाई, तुम्ही तर घरच्या. पण या कामात गावोगाव फिरावं लागतं. बाईमाणसाचं लोक ऐकत न्हाईत.’’

तीर्थपुरीचे एक डीलर बसल्या जागेवरून म्हणाले, ‘‘आम्ही तर बाईंचंच ऐकून राह्यलो की, शेठ. बिलकुल.’’ कुणीतरी हसलं... आणि पुढचा विषय निघाला.

मला वाटलं, त्या राजीनामा देणार. सर तर जालना सोडायला तयार होते. ‘‘दुसरीकडंबी हेच सांगतील,’’ बाई म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्या मला घेऊन शेठच्या केबिनमध्ये शिरल्या. मला काहीच सांगितलं नव्हतं.

‘‘पुतण्याला काम मी शिकवते. पण या पोरीला फिरतीवर घ्या. जीप द्या. उद्या कुणी म्हणायला नको, की बाईमाणूस फिरलंच न्हाई.’’

शेठनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘घरचे पाठवतील का हिला?’’

‘‘मी विचारून आले.’’

खरंच, रविवारी एसटीनं त्या राजूरला जाऊन आल्या होत्या. माझ्या वडिलांशी काय बोलल्या, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. वडील फक्त म्हणाले, ‘‘जा.’’

बाईंनी पुतण्याला सगळं शिकवलं आणि दुसऱ्या नंबरावरूनच निवृत्त झाल्या. पुढे पुतण्यानं स्वतःचा धंदा काढला आणि ती जागा मला मिळाली. पेढे घेऊन गेले तर बाईंनी पेढा हातातच धरून ठेवला. ‘‘मला पाहिजे होती गं ती खुर्ची,’’ म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग लगेच विचारलं, ‘‘यंदा कपाशीची उगवण कशी आहे?’’ मी सांगत राहिले. त्या ऐकत राहिल्या.

परवा सरांकडे गेले. बैठकीच्या खोलीत शेजारच्या दोघी-तिघी बसल्या होत्या. सर किटली घेऊन बाहेर आले, तशा त्या सवयीनं उठल्या. ‘‘बसा, ते माझं काम आहे,’’ सर म्हणाले. बाई ऑफिसात कधी चहा ओतत नसत. बैठकीत ट्रे आला, की सगळे पुरुष त्यांच्याकडे बघायचे, आणि त्या समोरचे कागद वाचत राहायच्या, कुणीतरी दुसरं उठेपर्यंत. घरीही पाहुण्यांना चहा सरच द्यायचे. सरांनी ओतला. बाईंच्या शेवटच्या दिवसांतल्या तब्येतीबद्दल शेजारीण काही विचारत होती, सर उत्तर देत होते... माझा चहा संपला होता. मी रिकामा कप धरूनच बसले होते. सरांनी तो हळूच माझ्या हातातून काढून घेतला.