आरशांसकट दोन गाड्या

कार्तिकातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, आमच्या ओट्यावर बावीस हजार चारशे रुपयांच्या खर्चाचा अंदाज मांडला गेला. हजर आम्ही चौघे होतो: मी, माझी पत्नी, वेल्डिंगचं काम करणारे दगा मिस्त्री आणि समोरच्या घरातले वना आप्पा. उन्हात अजून धार नव्हती. शहाद्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे हिरवट गोड वास रेंगाळत होता, उत्तरेला सातपुड्याची रेघ धुक्यातून नुकतीच सुटत होती. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता ते माझे वडील, नाना, तिथे हजर नव्हते. ते मागच्या खोलीत होते, आणि तिथून ऊसही दिसत नाही, सातपुडाही दिसत नाही.

मागच्या खोलीला खिडकी नाही. पूर्वी तिथे आम्ही धान्याच्या कोठ्या ठेवत असू. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतून वना आप्पांची मोटारसायकल चोरीला गेली. कुलूप होतं, कव्हर होतं, तरी गेली. त्या आठवड्यात लोणखेड्याच्या आमच्या गल्लीने एक नवी रीत उचलली. दिवेलागण झाली की प्रत्येक उंबऱ्याला फळी लागायची आणि गाडी ढकलत घरात घेतली जायची. दारातून जाताना हँडल अडायचं म्हणून लोकांनी गाड्यांचे आरसे काढून ठेवले. पुढच्या खोल्यांमध्ये गाड्या निजू लागल्या आणि पुढच्या खोल्यांतली माणसं मागे सरकली.

आमच्याकडे दोन गाड्या. एक नोकरीची, जिच्यावर मी कॉलेजच्या भांडारात जातो; दुसरी शेताची, जिच्यावर चारा, फवारणीचा पंप आणि कधी केळीचे दोन घड येतात. मी भांडारपाल आहे, वस्तूची लांबी-रुंदी विचारल्याशिवाय तिला जागा देत नाही. नानांची खाट सहा फूट बाय तीन. मोटारसायकल पावणेसात फूट लांब. दोन गाड्या आल्या तेव्हा खाट गेली, हे गणित इतकं सरळ होतं की त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलंच नाही. नानांनीही हरकत घेतली नाही. त्यांनी स्वतःची उशी स्वतः उचलली आणि मागे गेले.

आयुष्यभर त्यांनी उघड्यावर राखण केली होती. कापूस वेचून ढीग लागला की ते त्याच्या उशाशी निजत, केळीच्या बागेत पाणी धरताना बांधावर बसत, आणि वाटेने जाणारा माणूस पावलावरून ओळखत. म्हातारपणी पुढच्या खोलीची खिडकी हाच त्यांचा बांध झाला होता. कॉलेजची मुलं, भाजीवाली, कापसाच्या गाठी नेणारा ट्रॅक्टर, सगळ्यांची त्यांच्याकडे नोंद असे. मागच्या खोलीत नोंद करण्याजोगं काही नव्हतं. दोन भिंतींपलीकडून पेट्रोलचा वास यायचा, त्यात कीटकनाशकाचा कडवट उग्रपणा मिसळलेला असायचा, आणि त्यांचा खोकला त्या वासाच्या मागोमाग दार ओलांडून आमच्यापर्यंत यायचा.

अश्विनातल्या एका दुपारी चार वाजता, अंगणात ऊन लख्ख पडलेलं असताना, त्यांनी आतून माझ्या पत्नीला विचारलं, “दिवा लायना का वं माय?”

ती दाणे निवडत होती. तिचे हात सुपात थांबले. मी त्या वेळी कागदावर दोन गाड्यांना आणखी कशी सोय करता येईल याची आकृती काढत होतो, कारण चाकांच्या ग्रीसने फरशी डागाळू लागली होती. तिने सूप बाजूला ठेवलं, माझ्या हातातला कागद घेतला, उलटा-सुलटा पाहिला.

“तुम्हना कागदमा नाना कोठे शेतस?” तिने विचारलं.

कागदात गाड्या होत्या, फळी होती, दाराची रुंदी होती, शू-रॅकही होता. नाना नव्हते. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्याच दिवशी ठरवलं, गाड्या बाहेर जातील. चोर गावात असेल तर असो. त्याच्या भीतीने माझा बाप कोठीघरात राहणार नाही.

ठरवणं एका क्षणाचं असतं, निवड करायला मला महिना लागला. नुसतं कव्हर म्हणजे गाडीला घातलेला झगा. तो फक्त धुळीला फसवतो. साखळी एका गाडीपासून दुसऱ्या गाडीला बांधली तर चोराला दोन्ही एकदम टेम्पोत चढवता येतात. बंद पत्र्याची खोली मला आधी आवडली होती. पण वैशाखात आमच्याकडे पत्र्याखाली हात ठेववत नाही, तिथे पेट्रोलच्या दोन टाक्या कोंडून ठेवायला माझा धीर होईना. आणि बंद पत्रा जसा गाडीला लपवतो तसा आत शिरलेल्या माणसालाही लपवतो. शेवटी मी सळ्यांचा पिंजरा निवडला: चौकोनी पाइपांची चौकट, चार चार इंचांवर सळ्या, वर उतरता पत्रा, जमिनीत दोन फूट काँक्रीटमध्ये गाडलेल्या दोन लोखंडी कड्या, आणि कुलपाला कटर लागू नये म्हणून त्याच्यावर लोखंडी पेटी. जागा अंगणात, ओटा आणि कुंपणाच्या भिंतीमध्ये, पुढच्या खिडकीच्या अगदी समोर.

त्या रविवारी वना आप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू मळता मळता म्हणाले, “भाऊ, चोरले दुकान मांडी देस का तू? सळ्यामधून माल दखाडस!”

“दिसू द्या आप्पा. त्याला दिसेल तसं आपल्यालाही दिसेल.”

“आपलाले कोन दखस? बठा घरमा बठेल ऱ्हातस.”

ते टोमण्यात बोलले, पण खरं बोलले. बाहेर बघायला कुणीच उरलं नव्हतं. गाड्या आत आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर गल्लीचे डोळेही आत आले होते, आणि प्रत्येक पुढच्या खोलीत आता खिडकीशी माणसाऐवजी गाडीचं सीट होतं. ज्याची गाडी गेली आहे त्याच्याशी वाद घालण्याचा अधिकार ज्याची गेली नाही त्याला फारसा नसतो. मात्र मिस्त्रींना मी बयाणा आप्पांसमोरच दिला.

मापं मीच घेतली होती. टेप माझा, वही माझी, प्रत्येक माप दोनदा. तीन आठवड्यांनी मिस्त्रींनी चौकट आणून उभी केली. गहू पेरून झाला होता, हवेत गारवा मुरला होता, आणि ताज्या रेडऑक्साइड रंगाचा वास अंगणभर पसरला होता. मी मोठ्या समारंभाने ट्रंकेतून आरसे काढले, कापसाने पुसले, दोन्ही गाड्यांना बसवले. मग पहिली गाडी आत घेतली. दुसरी निम्म्यावर अडली. तिचा डावा आरसा पहिलीच्या उजव्या आरशाला भिडला होता.

दगा मिस्त्रींनी हातमोजे काढले आणि ओट्यावर बसून पोट धरून हसले.

“भाऊ, तुम्हीन गाडी दोनदा मोजी, पन तिना कान ट्रंकमाच ऱ्हाई गयात!”

दोन वर्षं मी बोडक्या गाड्या चालवत होतो. मागून येणाऱ्या ट्रॉलीसाठी मान वळवण्याची इतकी सवय झाली होती की गाडीला आरसे असतात हेच माझ्या टेपला आठवलं नव्हतं. इतकं काटेकोर मोजणाऱ्या माणसाने भीतीने छाटलेली गाडी मोजली होती आणि तिलाच पूर्ण समजून वहीत लिहिलं होतं.

आप्पा लगबगीने आले. त्यांच्याकडे तोडगा तयार होता. “काढी टाक आरसा. दोन साल चालनं ना?”

मिस्त्रीही म्हणाले की तेवढंच सोपं आहे, नाहीतर चौकट नऊ इंच वाढवावी लागेल आणि नऊ इंचांसाठी ओट्याची कड कापावी लागेल. दगडाचा ओटा, आजोबांनी बसवलेला. मी पाना हातात घेतलाही होता. तेवढ्यात पुढच्या खिडकीकडे लक्ष गेलं. त्याच सकाळी आम्ही नानांची खाट पुढे आणली होती, आणि ते गजांना धरून हा तमाशा बघत होते. मला एकदम त्या पान्याचा राग आला. भीतीला मी आरसे दिले होते, बापाची खिडकी दिली होती, घराचा चांगला वास दिला होता. आता तिने फक्त नऊ इंच मागितले होते, आणि दरवेळी ती थोडंच मागते.

“ओटा कापा,” मी मिस्त्रींना म्हटलं.

“दगड शे भाऊ. खर्चा वाढी.”

“वाढू द्या. आरसे उतरणार नाहीत.”

आप्पांनी हात झटकले आणि घरी गेले. दगड कापण्याची कर्कश किरकिर दीड दिवस चालली, पांढरी धूळ कढीपत्त्यावर बसली, आणि आजोबांच्या ओट्याची कड नऊ इंच मागे सरली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, गुरं परतायच्या वेळेला, दोन्ही गाड्या आरशांसकट आत गेल्या. कड्यांतून साखळी ओवली, पेटीआडचं कुलूप लावलं, चार पावलं मागे येऊन पाहिलं. मनात धाकधूक नव्हती असं लिहिणं खोटं होईल. उद्या गाडी जाऊही शकते. गेली तर मी पायी कॉलेजला जाईन, पण नाना मागच्या खोलीत जाणार नाहीत, एवढं मी त्या पिंजऱ्यासमोर उभ्याउभ्या ठरवून टाकलं.

खिडकीतून आवाज आला. “आते राखनं कोनले शे?”

“तुमच्याशिवाय कोण आहे नाना?”

“मंग रखवालीना पैसा? फुकट कोनी राखस का?”

पत्नी दारात हसली. मावळतीचं ऊन सळ्यांतून तिरपं आत शिरलं होतं, आणि शेताच्या गाडीच्या उजव्या आरशात नानांची खिडकी जशीच्या तशी उतरली होती: गज, पांढरी टोपी, गल्लीकडे लागलेले दोन डोळे. समोर आप्पांच्या उंबऱ्याला त्यांच्या नव्या गाडीसाठी फळी लागत होती. ती लावता लावता ते थांबले, आमच्या खिडकीकडे बघत राहिले, आणि नानांनी त्यांना नावाने हाक मारली.

दगा मिस्त्रींना, नऊ इंच आणि दगडकाम धरून, एकूण चोवीस हजार आठशे पन्नास रुपये पोचले. त्यानंतर खिडकीच्या गजांतून दहाची एक नोट नानांना दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि बंडीच्या खिशात ठेवली.