आजींना पाणी कोणी पाजलं

आपल्या मेलेल्या आईच्या ओठांवर अप्पांनी गोमूत्र शिंपडलं. माझ्यासमोर.

आजींचं अंग अजून ऊन होतं. तोंड थोडं उघडं राहिलं होतं. हनुवटीला हात लावून मी ते मिटवत होते, तेवढ्यात अप्पा आत आले आणि म्हणाले, "हात काढ." मी काढला. काकूंनी वाटी पुढे केली. अप्पांनी दर्भाने शिंपडलं. ओठांवर, हनुवटीवर, उशीवर. खोलीत वास सुटला. मग तुळशीचं पान ठेवलं, वर गंगाजल सोडलं. मेलेल्या तोंडात पाणी राहत नाही. ते गालावरून मानेत ओघळलं. मी सवयीने पुसायला फडकं उचललं.

"तू बाहेर हो. मागल्या दाराने."

माझ्याकडे न बघता म्हणाले.

कारण एवढंच, की जिवंतपणी त्या ओठांना शेवटचं पाणी माझ्या हातचं लागलं होतं.

मी कोळ्याची मुलगी. केळशीत खाडीकडे आमचं घर. बाप हर्ण्याच्या एका बोटीवर खलाशी. आई हर्ण्याच्या लिलावातून मासळी आणायची आणि गावागावातून टोपली फिरवायची. गोष्ट दोन हजार सालच्या आगेमागची. मी नुकती बारावी झाले होते. मला नर्स व्हायचं होतं.

अप्पा निवृत्त हेडमास्तर. कलमांच्या बागा, नवीन बांधलेला चिऱ्याचा बंगला, वर स्लॅब. गावात त्यांना सगळे वाकून नमस्कार करायचे, माझे बाबासुद्धा. नर्सिंग शिकवणाऱ्या एका संस्थेवर त्यांच्या ओळखीचे लोक होते. त्यांची आई अर्धांगवायूने खाटेला खिळलेली. अप्पांचे मुलगे पुण्या-मुंबईला. अप्पांनी बाबांना बोलावून सांगितलं की पोरीला आईची सेवा करू दे, हाताला वळण पडेल, पुढच्या वर्षी तिच्या प्रवेशाचं मी बघतो. बाबा घरी आले ते देव भेटल्यासारखे.

पहिल्याच दिवशी काकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोने, सगळं समजावून दिलं. घरून आलं की आधी विहिरीमागच्या न्हाणीत आंघोळ करायची. घरचे कपडे तिथेच टांगायचे, त्यांना मासळीचा वास असतो. दुसरे घालायचे. आजींच्या खोलीला बाहेरून दार होतं, त्यातूनच यायचं, त्यातूनच जायचं. स्वयंपाकघर, देवघर, पुढचा हॉल, तिकडे पाय टाकायचा नाही.

आजींचं हगणंमुतणं मी काढायचं. पाठीला पडलेल्या जखमा मी धुवायच्या. कूस मी बदलायची. पण जेवण आणि पाणी काकूंच्या हातचं. कोनाड्यात झाकलेला तांब्या असायचा, सोवळ्यात भरलेला. त्याला मी बोटही लावायचं नाही. आजींना तहान लागली की मी दाराशी जाऊन काकूंना हाक मारायची. काकू पूजेत असल्या की आजी थांबायच्या. कोरड्या जिभेने ओठ चाटत थांबायच्या.

म्हणजे ढुंगण माझ्याकडे आणि तोंड त्यांच्याकडे. एका म्हातारीची अशी वाटणी केली होती.

माझं पिण्याचं पाणी मी घरून प्लॅस्टिकच्या बाटलीत आणायची. ती खिडकीबाहेर कट्ट्यावर ठेवायची. खोलीत नाही.

आजी काही प्रेमळ नव्हत्या. सुरुवातीला ओरडायच्या, "ही माशेखाई मला नको." चालत्या हाताने चिमटे काढायच्या. मग हळूहळू ओरडणं थांबलं. माझ्यावर जीव जडला असं काही मी म्हणणार नाही. पण काकूंना यायला उशीर झाला की त्या दाराकडे बघायच्या नाहीत, माझ्याकडे बघायच्या. एवढंच.

दर गुरुवारी संध्याकाळी हॉलमध्ये अप्पांचं निरूपण असायचं. गावातली बरीच माणसं यायची. आजींच्या खोलीचं आतलं दार हॉलमध्ये उघडायचं. ते किलकिलं ठेवायचे, आईच्या कानावर चार शब्द पडावेत म्हणून. ते माझ्याही कानावर पडायचे.

अप्पांचा आवाज फार गोड. ते सांगायचे की धर्म म्हणजे घंटा नव्हे, टिळा नव्हे. धर्म म्हणजे निर्मळ अंतःकरण. ज्याचं अंतःकरण निर्मळ त्याला कुणी परका नाही. त्याला कुणाची पीडा बघवत नाही. सदाचार वेगळा शिकवावा लागत नाही, मन स्वच्छ असलं की हात आपोआप चांगल्या कामाला लागतात.

मी आजींचे पाय चोळत ऐकायची. मला ते खरं वाटायचं. नुसतं खरं नाही, मला ते सुंदर वाटायचं. न्हाणीतली आंघोळ, खिडकीबाहेरची बाटली, हे सगळं मी त्या गोड आवाजाखाली घालून झाकत होते. वाटायचं, हे काकूंचं सोवळं आहे, अप्पांच्या मनात असं काही नसणार.

एकदा घरी आईला मी ते सगळं सांगितलं. निर्मळ अंतःकरण, पीडा न बघवणं. आई अंगणात बांगडे चिरून मीठ भरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मान वर न करता विचारलं, "तो आपल्या आयशीचं हगणं काढतो काय गो?"

मला आईचा राग आला. तिला काय कळतं, असं वाटलं.

आजी गेल्या तो गुरुवारच होता. दुपारपासून त्यांचा श्वास बदलला होता. मी काकूंना सांगितलं. काकू येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, असं होतंच अधूनमधून. संध्याकाळी माणसं जमली. अप्पांनी बोलायला सुरुवात केली. आजी पाणी मागायला लागल्या. शब्द स्पष्ट फुटत नव्हता, पण इतक्या महिन्यांत मला त्यांचं सगळं कळत होतं.

मी दार थोडं उघडून काकूंना खूण केली. त्या पुढेच बसल्या होत्या. त्यांनी हाताने थांब म्हटलं. मी थांबले. आजी ओठ हलवत होत्या, घशातून घरघर येत होती. मी पुन्हा दाराशी गेले. या वेळी अप्पांनी मला पाहिलं. सरळ डोळ्यांत पाहिलं. त्यांचं बोलणं अडखळलंसुद्धा नाही. काकू उठून दाराशी आल्या आणि कुजबुजल्या, "निरूपण मोडायचं नसतं. आरती झाली की येते."

आणि दार ओढून घेतलं.

दाराच्या अलीकडे म्हातारी पाण्यावाचून तडफडत होती. दाराच्या पलीकडे तिचा मुलगा दुसऱ्याची पीडा न बघवणाऱ्या माणसाबद्दल बोलत होता. दोन्ही मला ऐकू येत होतं. एकाच वेळी. आजींचं काढताना मला कधी किळस आली नव्हती. ती त्या दिवशी आली, त्या गोड आवाजाची.

कोनाड्यातला तांब्या समोर होता. मी त्याला हात लावला नाही. ते पाणी मला नकोच वाटलं. खिडकीतून हात घालून मी माझी बाटली घेतली. आजींचं डोकं दंडावर घेतलं आणि झाकणाने थोडं थोडं पाजलं. त्या प्यायल्या. डोळे उघडून माझ्याकडे बघत प्यायल्या. बाटली कुणाची आहे हे त्यांना कळत होतं. त्यांनी तोंड फिरवलं नाही.

आरती सुरू झाली तेव्हा त्या गेल्या होत्या.

काकू आल्या. त्यांनी आधी बाटली पाहिली, मग सासूकडे पाहिलं. किंचाळल्या त्या बाटली बघून.

पुढचं मी सांगितलंच. मागल्या दाराने बाहेर पडले तेव्हा अप्पा माझ्यामागून विहिरीपर्यंत आले. शांतपणे म्हणाले, "पाणी कुणी पाजलं ते बाहेर बोलायचं नाही. तुझ्या भल्याचं सांगतोय." त्याच आवाजात. गुरुवारच्या.

तेराव्याला मला भांडी घासायला बोलावलं. मी गेले. बाबांनी पाठवलं, प्रवेशाचं काम अडकलं होतं ना. जेवणं आटोपून माणसं मांडवात बसली होती. मी मागे घासत होते, तेव्हा आजींच्या मुलीने मला पुढे बोलावून घेतलं. या आत्या मंडणगडला दिलेल्या. आई जाण्याआधी त्यांना तिचं तोंड दिसलं नव्हतं. त्यांना मला लुगडं द्यायचं होतं. आईचं एवढं केलंस म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

अप्पा तिथेच बसले होते. ते बहिणीला धीर देत होते. सांगत होते की आई फार शांत गेली, माझ्या मांडीवर डोकं होतं, मी गंगाजल घातलं, दोन घोट घेतले आणि प्राण सोडला. पुण्यवान म्हणून असं मरण आलं. ऐकणारे माना डोलावत होते. त्या गुरुवारी हॉलमध्ये बसलेले लोकही त्यांत होते. अप्पा त्यांच्यासमोर बोलत होते त्या वेळी आजी गेल्या, हे त्यांना ठाऊक होतं. तेही माना डोलावत होते.

आत्यांनी मला विचारलं, "तू होतीस ना गो जवळ? आईने पाणी घेतलं ना?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. हसून म्हणाले, "सांग. घाबरू नको. होतं तसं सांग."

होतं तसं. एवढ्या माणसांत ते असं म्हणू शकले, कारण मी होतं तसं सांगणार नाही याची त्यांना खात्री होती. माझ्या बापाच्या वाकलेल्या पाठीवरून आली होती ती खात्री. माझे हात राखेने बरबटलेले होते. ते पुसले नाहीत. तसेच खाली सोडून मी बोलले.

"आजी पाणी मागत होत्या. निरूपण चाललं होतं. मी दोनदा सांगायला आले. अप्पांनी मला पाहिलं, पण उठले नाहीत. काकूंनी दार लावून घेतलं. मग मी माझ्या बाटलीतलं पाणी पाजलं. अप्पा आले तेव्हा आजी गेल्या होत्या. त्यांनी तोंडावर गोमूत्र शिंपडलं."

एक माणूस सुपारी कातरत होता, त्याचा अडकित्ता थांबला.

अप्पा रागावले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, जपाला बसल्यासारखे. मग म्हणाले की पोरीला धक्का बसलाय, आणि मन मलिन असलं की माणसाला मलिनच दिसतं, आपण तिच्यावर रागावू नये.

आत्यांनी फक्त एक विचारलं. "प्यायली का ती?"

"प्यायल्या," मी म्हटलं.

त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि त्या आत गेल्या. माझ्या बाजूने त्या बोलल्या नाहीत. पुढे कधी रस्त्यात दिसल्या तरी ओळख दिली नाही. लुगडं तिथेच खुर्चीवर राहिलं. मी उरलेली भांडी तशीच टाकून निघाले, मांडवातून, पुढच्या फाटकाने.

काही दिवसांनी काकू आमच्या दारात आल्या. आयुष्यात पहिल्यांदा खाडीकडे आल्या असतील. अंगणात मासळी वाळत होती. नाकाला पदर लावून उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, अप्पांचं मन मोठं आहे, त्यांनी तुला क्षमा केली आहे. आत्यांसमोर येऊन एवढंच सांगायचं, की दुःखाच्या भरात भ्रम झाला. मग प्रवेशाचं पक्कं.

बाबा गयावया करत माझ्याकडे बघत होते. "एक वाक्य तर बोलायचाय. बोल नि मोकळी हो," म्हणाले. बाबांचं चुकत नव्हतं. त्यांना समुद्रापासून पोरीला लांब पाठवायचं होतं. आई वाळत घातलेली मासळी परतत राहिली.

मला ती क्षमा ऐकून शिसारी आली. ज्यांनी स्वतःच्या आईला तहानलेलं मारलं ते मला क्षमा करत होते. आणि मी ती घेतली असती तर त्यांचं अंतःकरण परत निर्मळ झालं असतं. माझ्या खोटेपणाने धुऊन.

मी म्हटलं, "काकू, पाणी मी पाजलं. विचारील त्याला हेच सांगेन. क्षमा परत न्या."

"मन इतकं गढूळ ठेवू नये गो," असं म्हणून त्या वळल्या.

त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. मी आईबरोबर टोपली घेऊन फिरले. अप्पांच्या ओळखीच्या घरांनी आमच्याकडून मासळी घेणं बंद केलं. बाबा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पुढे मार्कांवर दुसरीकडे जागा मिळाली, शिकले, आता रत्नागिरीत वॉर्डात काम करते. अप्पांचं निरूपण पुढेही चालू राहिलं. गर्दी वाढली म्हणे.

निर्मळ अंतःकरण हे शब्द आजही कुणी उच्चारले की मला ते ओढून घेतलेलं दार आठवतं. ते शब्द मी वापरत नाही. माझं मन शुद्ध आहे असंही कुणाला सांगायला जात नाही. ते ठरवायचा अधिकार ज्या माणसांनी स्वतःकडे घेतला, त्यांच्यापुढे मी माझं मन तपासायला धरणार नाही.

आणि त्या दिवशी मी दाराशी जाऊन विचारत बसले, तसं पुन्हा विचारणार नाही. तहानलेलं माणूस समोर असेल तर मी उठेन आणि पाजेन. दार कुणाचंही असो. थांब म्हणणारा कितीही गोड बोलो. मी थांबणार नाही.